ठोकळ्यांवरची गाडी

सोमवार, २ नोव्हेंबर १९९८

पोचले एकदाची. सकाळी पूल ओलांडताना पाण्यावर लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता, आणि कितीतरी दिवसांनी मी गाडी चालवता चालवता गुणगुणत होते. पुढे दुपारपर्यंत नुसती पाइनची झाडं आणि बंद पडलेल्या खाणींच्या पाट्या. सालो पॉइंटमध्ये शिरले तोवर आभाळ भरून आलं होतं, पण तळ्याचा वास आला आणि बरं वाटलं.

राहायची सोय लेम्पी निएमी नावाच्या बाईंकडे आहे. नवरा वारलाय, मुलं मिनेसोटात, वरची खोली भाड्याने देतात. दार उघडून त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कार्व्हर फोनवर म्हणाले, गाड्यांमधलं जाणतं माणूस पाठवतो. मी धरून चालले, कुणीतरी मिशीवाला येणार आणि बेसिनमध्ये केस सांडून ठेवणार. तू आलीस ते बरं झालं. पास्टी खातेस ना? सलगम घातलंय. नसेल आवडत तर वेचून बाजूला ठेव, पण मला नावं ठेवू नकोस." दारातच अगंतुगं. मीही तसंच करायचं असा हुकूम झाला. पास्टी करंजीच्या आकाराची पण ताटभर होती. सगळी संपवली, सलगमासकट.

खोली छान आहे. गादी मऊ आहे, पण मला तिचा काय उपयोग? आईच्या आजारपणात सहा वर्षं रात्री उठून उठून झोपेची सवय मोडली ती मोडलीच. मार्चमध्ये आई गेली. मला वाटलं होतं, आता झोपेन. डॉक्टर म्हणाले, दिवसभरातलं कागदावर उतरवून टाकत जा, डोकं हलकं होईल. म्हणून ही रोजनिशी. डोकं अजून आहे तसंच आहे.

कामाचं लिहिते. वॉलिंगफर्ड कंपनीची 'लेकशोर', १९७१ सालची. उघड्या टपाची, दोन दारांची, गर्द हिरवी. कंपनी बुडण्याआधी अशा शंभरच काढल्या होत्या. प्रत्येकीच्या डॅशबोर्डावर पितळी पट्टी, तिच्यावर तिचा क्रमांक. इतकी वर्षं जुन्या गाड्या पारखण्यात गेली, पण लेकशोर मी फक्त फोटोत पाहिलीय. मिलवॉकीचे कार्व्हर असल्या गाड्या जमवतात. मी अस्सल आहे म्हटलं की ते घेणार. गाडीचे मालक रेनो कोस्केला इथे शेजारच्याच घरात राहतात. ते लेम्पीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण कुठे असते, विचारलं. "हेल्मीला जाऊन नऊ वर्षं झाली," एवढं बोलून लेम्पीने भांडी विसळायला घेतली.

संध्याकाळी रेनोंना भेटून आले. उंच, पाठीत वाकलेले, सत्तरीला टेकलेले. शाळेची बस चालवायचे. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला, हवापाण्याचं बोलले. गाडीचा विषय काढला की कप न्याहाळत बसायचे. मध्येच माझ्या डोळ्यांकडे बघत विचारलं, "बाई, झोप लागते का तुम्हाला?" मी हसून म्हटलं, कुठली झोप. ते नुसतं "हं" म्हणाले आणि माझा कप पुन्हा भरला.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

गाडी पाहिली. काय सांगू.

घरामागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चारी चाकं काढून भिंतीला टेकवलेली, टायरांचं रबर वाळून तडकलेलं. बॅटरी नाही, टाकी कोरडी. टप मागे दुमडलेला. टप लावत का नाही, विचारलं तर रेनो म्हणाले की लावला तरी दुसऱ्या दिवशी उघडा असतो, मग लावणं सोडलं. दोऱ्या सैल झाल्या असतील असं मी लिहून घेतलं.

लोहचुंबक सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. कुठे लांबी भरलेली नाही, कुठे जोड नाही. रंग कंपनीचाच. दारं दोन बोटांनी ढकलली तरी एका आवाजात बंद होतात. खाली झोपून पाहिलं, तळाला गंज नाही. इंजिनावरचा नंबर, चेसिसवरचा नंबर, पितळी पट्टी, सगळं जुळतं. अशी गाडी आयुष्यात एकदाच बघायला मिळते. थकलेल्या माणसालाही हात फिरवावासा वाटतो.

एकच गोष्ट खटकली. पुढच्या जाळीत आणि काचेवर किडे चिकटलेत. हायवेवरून उन्हाळ्यात लांबचा प्रवास केला की चिकटतात तसे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीवर ते वाळून भुगा व्हायला हवेत. मी एक चतुर नखाने उचलला तर तो ओला होता. पंख तुटले नाहीत, वाकले. बाहेर चार बोटं बर्फ आहे.

दुपारी कप्पा तपासायला चालकाशेजारच्या सीटवर बसले. चामडं कोमट लागलं. शेडमध्ये तोंडातून वाफ निघत होती आणि सीट कोमट. पाठ टेकली आणि तशीच झोपले.

किती वर्षांनी अशी झोपले असेन. स्वप्न पडलं. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पिवळं गवत, मध्ये सरळ रस्ता, टप उघडा, ऊन, वारा. शेजारी एक बाई गाडी चालवत होती. डोक्याला निळा रुमाल, नजर समोर. जाग आली तेव्हा रेनो शेडच्या दारात टोपी हातात धरून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी ओशाळून माफी मागितली. त्यांनी विचारलं, "काही दिसलं?"

मी म्हटलं, छान झोप लागली. त्यांनी मान डोलावली आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, ते रडत असावेत. म्हाताऱ्या माणसाची गाडी विकली जाणार, वाईट वाटायचंच.

संध्याकाळभर अंग हलकं आहे. लेम्पी म्हणाली, तुझा चेहरा उजळलाय, कुठला साबण लावतेस?

बुधवार, ४ नोव्हेंबर

रात्री गादीवर डोळा लागला नाही. सकाळी आरशात पाहिलं तर नाक लाल, सोललेलं. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलाय, घड्याळाच्या पट्ट्याखाली तेवढी पांढरी रेघ. लेम्पीला दाखवलं. तिने लोणी लावायला दिलं आणि विचारलं, "कुठल्या उन्हात गेली होतीस? इथे मागच्या आठवड्यापासून सूर्य दिसला नाही." मी म्हटलं, थंडीनेही कातडी अशी होते. ती म्हणाली, "मी इथेच जन्मले बाई. थंडीने काय होतं ते मला नको शिकवूस."

मग शेडमध्ये गेले. काल मीटरवरचे मैल टिपून घेतले होते, ते जुळेनात. आज कालच्यापेक्षा तीनशेहून जास्त मैल दाखवतोय. मी चुकीचं वाचलं असेल म्हणून डॅशबोर्डाखाली वाकून पाहिलं. मीटरची तार सुटलेली होती, तिचं टोक गंजलं होतं. चाकं भिंतीला. ठोकळ्यांवर जळमटं, एकही तुटलेलं नाही.

निघून जायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर मी काम संपलं नाही असं रेनोंना सांगितलं, सीटच्या स्प्रिंगा तपासायच्या आहेत म्हटलं, आणि जाऊन बसले. मला झोप हवी होती. ज्याला मिळते त्याला हे कळणार नाही.

तोच रस्ता. यावेळी तिला नीट पाहिलं. चेहरा उन्हाने काळा पडलेला, ओठ फाटलेले, डोळ्यांच्या कडांना मीठ जमलेलं. हात चाकावर असे घट्ट की बोटांची हाडं दिसत होती. मी विचारलं, कुठे चाललोय आपण. ती म्हणाली, तिला माहीत नाही. थांबत का नाही, विचारलं. म्हणाली, थांबता येत नाही, सोडलं की गाडी गवतात जाते, आणि गवतात काय आहे ते तू बघू नकोस. मी उजवीकडे बघितलं नाही. मग ती अगदी हळू, शेजारणीकडे साखर मागावी तसं म्हणाली, "जरा धरतेस का?"

मी हात पुढे केला होता. जाग आली.

रेनो दारात.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

सकाळी नाश्त्याला लेम्पीला विचारलं की हेल्मी निळा रुमाल बांधायची का. तिच्या हातातला चमचा थांबला. "रेनोने सांगितलं तुला?" मी नाही म्हटलं, आणि दोन्ही दिवसांचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, घराबाहेर काढेल. तिने शांतपणे गॅस बंद केला, कोट चढवला आणि म्हणाली, "चल."

रेनो स्वयंपाकघरात बसले होते. लेम्पी उभीच राहिली. "या बाईने हेल्मीला पाहिलंय. आता बोल. मला नऊ वर्षं तळ्याकडे बघायला लावलंस ना, आता बोल."

ते बोलले. बराच वेळ, टेबलाकडे बघत. ती गाडी त्यांनी ड्युलुथच्या एका बाईकडून घेतली होती, तिचा नवरा एक दिवस नाहीसा झाला होता म्हणून ती घर विकत होती. चार उन्हाळे रेनो आणि हेल्मी त्या गाडीतून फिरले. काही झालं नाही. जागेपणी ती साधी गाडी आहे. मग रेनोंचे वडील अंथरुणाला खिळले. हेल्मी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात, दुपारपासून सासऱ्यांजवळ, रात्रीही त्यांच्याजवळ. जरा शांतता म्हणून शेडमध्ये गाडीत जाऊन बसायची. तिथेच डोळा लागायचा. रेनोंना वाटायचं, बरं आहे, तेवढीच विश्रांती. एक दिवस बसची फेरी आटोपून आले तर शेडमध्ये हेल्मीच्या चपला पडलेल्या आणि गाडीत उन्हाने करपलेला एक माणूस बसलेला. त्याने रेनोंना विचारलं, हे कुठलं साल आहे.

लेम्पी म्हणाली, "तो भटक्या? इस्पितळात मेला तो?"

"ड्युलुथचा होता. तिचा नवरा," रेनो म्हणाले. "त्याने सगळं सांगितलं मला. एक जण धरतो तेव्हा दुसरा सुटतो. मी पोलिसांना सांगितलं. त्यांनी मला कॉफी पाजली आणि तळ्यात माणसं उतरवली."

चाकं त्यांनी काढली, तरीही ती गाडी जात राहिली. स्वतः नऊ वर्षं रोज तिथे बसतात. त्यांना तिथे झोप येत नाही. कितीही दमले तरी नाही. मग विकण्याची जाहिरात दिली. दोन पारखणारे येऊन गेले, ताजेतवाने, तरुण. बसले, उठले, गेले. दोन्ही वेळा रेनोंनीच व्यवहार मोडला.

मी विचारलं, आणि मी?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचे डोळे बघितले. हेल्मीचे तेव्हा असेच होते."

लेम्पीने त्यांच्या तोंडात मारली. आवाज फार झाला नाही, दोघंही म्हातारे. ती म्हणाली, "ही कुणाचीतरी मुलगी आहे, रेनो. आणि तो माणूस आठच दिवस जगला. ठाऊक आहे ना तुला?"

ते म्हणाले, "आठवडा मिळाला तरी चालेल मला."

मला राग यायला हवा होता. मी फक्त दमले होते.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

सकाळी कार्व्हरना फोन केला. गाडी घेऊ नका म्हटलं. चेसिस मोडलंय, नंबर खोटे आहेत, रंग कंपनीचा नाही, सुचेल ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या गाडीला वाईट म्हटलं. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवून खात्री करतो. मी म्हटलं, पाठवाल तर तुमच्याकडे पुन्हा काम करणार नाही, आणि बाकीच्यांनाही सांगेन. ते चिडले. चिडू देत.

लेम्पीने डबा बांधून दिला. मिठी मारली, म्हणाली, पूल ओलांड आणि आठवडाभर झोप, मग फोन कर.

पुलापाशी पोचले दुपारी. वाऱ्यामुळे पूल बंद. गाड्यांची रांग. इंजिन बंद करून बसले. माझी स्वतःची गाडी, जुनी, सीट फाटलेली. हिला काय होणार, असं मनात आलं. डोळे मिटले नव्हते मी. नुसती पापणी —

ऊन. पाणी डावीकडे. ती माझ्याकडे सरकली होती, की मी तिच्याकडे. तिने माझा हात उचलून चाकावर ठेवला. तिचा हात वर. कातडं नव्हतंच जवळजवळ. ती बोलत होती, हळू, थांबत थांबत. सासऱ्यांना औषध दिलं का कुणी, विचारत होती. लेम्पीचा मुलगा पास झाला का. मी म्हटलं, हो, सगळं झालं. काय सांगणार? ती रडली, पण पाणी आलं नाही.

काचेवर टकटक. पोलीस. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, बाई. पूल आज उघडणार नाही, वळा आणि परत जा. माझ्या हातांकडे बघून विचारलं, कुठे काम करता? दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

म्हणजे शेड लागतच नाही. ती गाडीही लागत नाही. मी झोपले की पुरे.

लेम्पीकडे परतले. आणखी कुणाकडे जाणार? हे ऐकून हसणार नाही अशी तीच एक आहे. तिने दार उघडलं आणि माझे हात पाहिले. "आत ये," म्हणाली.

शनिवार, ७ नोव्हेंबर

झोपले नाही. लेम्पीने झोपू दिलं नाही. पत्ते, रेडिओ, बर्फाचं पाणी. तिच्या लग्नाची सगळी भानगड सांगितली, नवऱ्याच्या उधळपट्टीसकट. मी हसले सुद्धा. माणसाला हसता येतं, कुठेही.

सकाळी आम्ही दोघी रॉकेलचा डबा घेऊन शेडवर गेलो. रेनो गाडीत बसले होते. मागच्या सीटवर, हेल्मीचा कोट मांडीवर. लेम्पीने शिव्या दिल्या, ओढलं, ते जड झाले आणि बसूनच राहिले. म्हणाले, "पेटवा. मी उठत नाही. पण ती अजून आत आहे, तेवढं लक्षात घ्या."

लेम्पीने डबा खाली ठेवला. जाळून ती सुटेल की जळेल, कुणाला माहीत —

परत येताना अंगणात उभ्या उभ्या डुलकी. पाऊल उचललं ते इथे, टेकलं ते तिथे. आता मीच चाकामागे. ती शेजारी. एकच हात तिचा, चाकाच्या खालच्या कडेला, एक बोट. डोकं कलतंय. उठवू नये असं वाटतं. इतकी दमलेली बाई मी पाहिली नाही, आणि मी रोज आरसा बघते.

ती म्हणाली, तुला वाईट वाटेल. मी विचारलं, काय?

लेम्पीने बर्फ तोंडात कोंबला. जागी झाले.

संध्याकाळ. सौना, ती वाफेची न्हाणी, पेटवली नाही या घरात आज, पहिल्यांदाच. ऊब आली की मला झोप लागेल, असं लेम्पी म्हणते. थंड फरशीवर उभी आहे. उभ्यानेच लिहिते आहे. अक्षर —

रविवार, ८ नोव्हेंबर

सकाळ. पेन चालू आहे म्हणजे मी जागी.

लेम्पी चर्चला गेली नाही. समोर बसलीय, माझा डावा हात धरून. मान पडली की चिमटा. हात निळा झालाय. तिचेही डोळे मिटतात. मी तिला म्हटलं, तू नको झोपूस, तू तरी — ती म्हणाली, गप्प बस आणि लिही.

लिहिते. माझं नाव कॉरा हॉफस्ट्रा. आईचं नाव — आईचं —

टेबलावर कॉफी. वाफ. बर्फ पडतोय खिडकीत. पडतोय. पिवळं गवत नाही. खिडकीत बर्फच —

एक बोट होतं. ते आता —

लेम्पीने हात सोडला. खिडकीशी गेली. म्हणते, शेडमधून कुणी हाक मारतंय. लेम्पे, लेम्पे. तिला अशी हाक फक्त तिची बहीणच —

पळाली. अनवाणी, बर्फातून. दार उघडंच राहिलं. रेनोही ओरडतायत, की रडतायत, लांबून —

आवाज आता लांब. मागे पडतोय.

मी जागी आहे. पान फडफडतंय. वारा गरम आहे. टेबल गोल का, हात का सुटत नाही टेबलावरून —

पाणी डावीकडे.

शेजारची सीट रिकामी आहे. कोमट आहे अजून. कधी कुणी येऊन बसलंच, तर मी तिला मुळीच म्हणणार नाही की जरा